पेशींचा अखेरचा धागा

वैनगंगेच्या खोऱ्यांतील आरमोरीच्या रानांत ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे पाळतात. ढिवर समाजांतील अनेक कुटुंबांचा हा परंपरागत व्यवसाय होय. कोसा भेदून मादी पतंग बाहेर येते व अंडीं घालते. पुढील पिकाची सारी भिस्त त्या अंड्यांवर. हें अंडें भरतें कसें, याचा शोध घेऊं लागलें म्हणजे पेशीविभाजनाच्या अगदीं अखेरच्या क्षणापाशीं येऊन थांबावें लागतें.

जर्मनींतील कील येथील प्राध्यापक वाल्थर फ्लेमिंग यांनीं १८८२ सालीं पेशीविभाजनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें १८९१ सालीं त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. दुभंगणाऱ्या पेशींचे दोन भाग कांहीं काळ एका बारीक पुलानें जोडलेले राहतात, आणि त्या पुलाच्या मध्यावर एक गडद ठिपका असतो.

पेशीची कंबर आवळतें कोण? १९६८ सालीं थॉमस श्रोडर यांना तेथें सूक्ष्म तंतूंचें कडें दिसलें. हे तंतू ॲक्टिन नामक प्रथिनाचे; मायोसिन त्यांना ओढतें. बटव्याचे बंद ओढतांच त्याचें तोंड मिटावें, तसेंच हें. १९७७ सालीं जपानांतील माबुची व ओकुनो यांनीं तारामाशाच्या पेशींतील मायोसिन निकामी केलें, तेव्हां विभाजन थांबलें.

परंतु बटवा मिटला तरी पूल उरतोच. तो तोडणारीं प्रथिनें २००७ सालीं सांपडलीं. 'एस्कॉर्ट' या नांवाचा हा समूह पुलाच्या आंत वेटोळें करून त्यास आवळीत नेतो. नवल असें कीं, एड्सचा विषाणू पेशींतून सुटतांना याच प्रथिनांस राबवितो. २००९ सालीं दिसून आलें कीं, पुलांत गुणसूत्राचा अंश अडकला असल्यास 'ऑरोरा बी' हें प्रथिन तोडणी लांबणीवर टाकतें. तोडणी साधलीच नाहीं, तर एकाच पेशींत दुप्पट गुणसूत्रें राहतात. अशा पेशींपासून कर्करोग उद्भवूं शकतो, हें उंदरांवरील प्रयोगांत आढळलें आहे.

मग न तुटणें हें नेहमीं अनिष्टच काय? तसें नाहीं. उंदरांच्या शुक्रजनक पेशींत 'टेक्स-१४' नांवाचें प्रथिन पूल राखून ठेवतें. तें नसल्यास नर वंध्य होतो, असें २००६ सालीं सिद्ध झालें. पतंगवर्गीय कीटकांच्या अंडाशयांत तर एका पेशीचीं लागोपाठ तीन विभाजनें होतात व आठही पेशी पुलांनीं जोडलेल्या राहतात. त्यांतील एक अंडें होते. उरलेल्या सात पोषक पेशी आपलें द्रव्य पुलांवाटे तिला देऊन अखेर नाश पावतात.

आरमोरीच्या ऐनावर अळी दिसूं लागते, तेव्हां तिच्यामागें त्या सात पेशींचें आणि न तुटलेल्या पुलांचें देणें असतें.