टेस्टिंग मेन्यू : निवडीच्या अधिकाराचा इतिहास

विशेष प्रसंगी उंची रेस्टॉरंटमध्ये घेतल्या जाणाऱ्या ‘टेस्टिंग मेन्यू’ पद्धतीच्या भोजनात अनेक छोटे पदार्थ ठरावीक क्रमाने येतात. त्यांची निवड ग्राहक नव्हे, तर मुख्य आचारी करतो. या पद्धतीची जडणघडण प्रामुख्याने फ्रान्समध्ये झाली. अठराव्या शतकातील फ्रेंच मेजवानीत अनेक पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडले जात. त्याच शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये रेस्टॉरंटचा उदय झाला. तेथील किमतीसह दिलेल्या पदार्थांच्या यादीमुळे ग्राहकास निवडीचा अधिकार लाभला. एकोणिसाव्या शतकात एकामागून एक पदार्थ वाढण्याची रशियन पद्धत रूढ झाली व भोजनास क्रम आला. पुढे १९७३ मध्ये आंरी गो व ख्रिस्तियाँ मियो यांनी ‘नूव्हेल क्युझीन’चा, म्हणजे नव्या पाककलेचा, पुरस्कार केला. त्यातून आचाऱ्याच्या कल्पकतेस प्रतिष्ठा मिळाली. स्पेनमधील ‘एल बुली’ (२०११ मध्ये बंद) येथे फेरान आद्रिया एका भोजनात तीसहून अधिक पदार्थ देत असत. सारांश, दोन शतकांपूर्वी लाभलेला अधिकार ग्राहक येथे मोठी किंमत मोजून स्वेच्छेने सोडतो. हा आचाऱ्यावरील विश्वास खरा. परंतु भोक्त्याचा केवळ प्रेक्षक होण्याचा धोकाही त्यात संभवतो, हे नोंदविणे आवश्यक आहे.