उशिरा पिकणाऱ्या द्राक्षाचा जमाखर्च

13 मार्च 1435 या तारखेला जर्मनीतल्या र्‍युसल्सहाइमच्या सरदाराच्या हिशेबवहीत रिझलिंगच्या वेलींपोटी 22 शिलिंग खर्ची पडले. या पांढऱ्या वाणाचा हा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख. तो जमाखर्चात सापडावा हे साजेसेच आहे, कारण रिझलिंगचा इतिहास मुळात थांबण्याचा खर्च कोण सोसतो याचा इतिहास आहे. हे द्राक्ष पिकायला ऑक्टोबर उजाडतो. तोवर पाऊस, बुरशी, पाखरे सगळ्यांशी गाठ. घाईने खुडले तर रस नुसता आंबट. पण धीर धरला, तर थंड हवेत आंबटपणा टिकून राहतो आणि गंध साठत जातो. म्हणूनच ही वाइन गोड असली तरी मिट्ट लागत नाही आणि उत्तम वर्षाची असेल तर अनेक दशके टिकते. तरुणपणी तिला हिरव्या सफरचंदाचा वास येतो, तर उतारवयात मधाचा आणि चक्क रॉकेलचा.

एवढा धीर हातावर पोट असलेल्या शेतकऱ्याला परवडणारा नव्हता, मठाधिपतींना परवडला. फुल्डाच्या मठाधिपतींनी 1720 मध्ये योहानिसबेर्गच्या मळ्यात रिझलिंगच लावले. तिथे 1775 साली तोडणीची परवानगी उशिरा पोचली आणि सुकलेल्या, बुरशी धरलेल्या घडांतून अपूर्व वाइन निघाली, असे सांगतात. कथेला पदर सुटले असतील, पण उशिराच्या तोडणीचा पायंडा खराच आहे. यावर कोणी म्हणेल, श्रेय जमिनीचे आहे. मोझेल नदीकाठच्या खड्या उतारांवरचा पाटीचा दगड दिवसा तापतो आणि रात्री वेलींना ऊब देतो. खरे आहे. पण तो दगड तर आधीपासून तिथेच होता. तरीही तिथल्या ट्रियरच्या अधिपतीला 1787 मध्ये हलक्या वेली उपटून चांगल्या लावण्याचे फर्मान काढावे लागले.

उलटा पुरावा 1971 चा. त्या वर्षीच्या जर्मन वाइन कायद्याने रसातली साखर हीच दर्जाची मुख्य कसोटी ठरवली. लवकर पिकणाऱ्या म्युलर-थुर्गाऊ या वाणाला सपाट, सोप्या जमिनीवरही ती सहज गाठता येई. त्या दशकात लागवडीत त्याने रिझलिंगला मागे टाकले, आणि स्वस्त गोडव्याच्या लाटेत जर्मन वाइनची अब्रू घसरली. दगड, हवा, उतार काहीच बदलले नव्हते. बदलली होती ती किंमत मोजण्याची तयारी. ती परतली तसे रिझलिंगही परतले. आज जर्मनीतल्या एकूण द्राक्षलागवडीपैकी जवळपास पाव हिस्सा त्याचा आहे, आणि मोझेलच्या सर्वांत खड्या उतारांवर अजूनही घड हातानेच खुडावे लागतात.