सायक्लोस्पोरिन
प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाणारे प्रतिक्षमता दडपणारे औषध. नॉर्वेतील मातीत सापडलेल्या बुरशीपासून मिळाले. अमेरिकेत १९८३ मध्ये मान्यता. टी-पेशीच्या ग्राहीला परका प्रतिजन भिडला की पेशीत कॅल्शियम वाढते, कॅल्सिन्युरिन हे विकर जागे होते आणि एनफॅट प्रथिनावरील फॉस्फेट काढते. मग एनफॅट केंद्रकात शिरून टी-पेशींची वाढ घडवणाऱ्या इंटरल्युकिन-२ या प्रथिनाचे जनुक चालू करते. सायक्लोस्पोरिन एकट्याने हे रोखू शकत नाही. पेशीतल्याच सायक्लोफिलिन या प्रथिनाशी जोडी जमली तरच ते कॅल्सिन्युरिन अडवते. टॅक्रोलिमस हे याच प्रकारचे दुसरे औषध एफकेबीपी-१२ या प्रथिनाशी जुळून तेच साधते. विलक्षण गोष्ट अशी, की रॅपामायसिन हे आणखी एक औषध त्याच एफकेबीपी-१२ ला चिकटते, पण कॅल्सिन्युरिनला हात न लावता पुढच्या टप्प्यावरील एमटॉर हे प्रथिन रोखते. सायक्लोस्पोरिनमुळे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, म्हणून रक्तातील त्याची पातळी मोजत राहावी लागते.