भाड्याच्या विमानाची सनद

निवडणुकीच्या धामधुमीत पुढाऱ्यांना, अत्यवस्थ रुग्णांना आणि केदारनाथच्या यात्रेकरूंना घेऊन उडणारी लहान विमाने व हेलिकॉप्टरे ज्या सरकारी दस्तऐवजाच्या बळावर भाडे आकारू शकतात, तो बिगर-वेळापत्रकी विमानसेवेचा परवाना आज एकच एक वस्तू वाटत असला, तरी त्याच्या वंशावळीत दोन निरनिराळी घराणी एकत्र आलेली आहेत. एक घराणे व्यापाराच्या मुभेचे; त्याचा जन्म मक्तेदारी आणि स्पर्धेच्या राजकारणात झाला. दुसरे सुरक्षिततेच्या प्रमाणपत्राचे. ते अपघातांच्या चौकशीत वाढले. पहिल्याचा इतिहास अधिक रंजक असला, तरी प्रवाशाच्या जिवाचा संबंध दुसऱ्याशीच आहे.

हिंदुस्थानात १९३४चा विमान अधिनियम आणि त्याखालचे १९३७चे नियम झाले, तेव्हा कायद्याची दृष्टी मुख्यत्वे यंत्रावर आणि ते हाकणाऱ्यावर खिळलेली होती : विमानाला उड्डाणयोग्यतेचा दाखला हवा, वैमानिकाला परवाना हवा. या दोहोंना एकत्र आणून त्यांवर धंदा उभारणारी जी पेढी, तिच्या लायकीची स्वतंत्र परीक्षा घेण्याची कल्पना अद्याप रुजली नव्हती. दुसरे महायुद्ध संपले आणि लष्कराला नकोशी झालेली डाकोटा विमाने स्वस्तात बाजारात आली. ज्याच्यापाशी थोडे भांडवल आणि पुष्कळ उमेद होती, असा जो तो विमानकंपनी काढू लागला. या गर्दीला आवर घालण्यासाठी १९४६ साली विमानवाहतूक परवाना मंडळ नेमण्यात आले खरे. परंतु मंडळाने परवाने देताना हात सैल सोडला, आणि १९५० साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, तेव्हा देशातील वाहतुकीला पेलतील त्याहून अधिक कंपन्या धंद्यात उतरल्याचे स्पष्ट झाले.

नियमित सेवा आणि सवडीनुसार होणारे उड्डाण यांतील भेद तोवर आंतरराष्ट्रीय कायद्यात रूढ झाला होता. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या कराराच्या पाचव्या कलमाने बिगर-वेळापत्रकी उड्डाणांना परराज्याच्या हद्दीतून जाण्याची बरीच मोकळीक दिली, तर सहाव्या कलमाने नियमित सेवेला त्या त्या राज्याची खास अनुज्ञा आवश्यक ठरविली. जे नियमित आणि किफायतशीर, त्यावर प्रत्येक सरकारचा डोळा. जे अधूनमधून होणारे, त्याची फारशी फिकीर नाही, असा तो व्यवहार होता.

हीच विभागणी १९५३च्या हवाई महामंडळ कायद्यात उतरली. १ ऑगस्ट १९५३ पासून खाजगी कंपन्या सरकारजमा झाल्या आणि कलम १८ अन्वये वेळापत्रकी विमानसेवा चालविणे सरकारी महामंडळांखेरीज इतरांना बेकायदा ठरले. या कलमाच्या कक्षेबाहेर जे उरले, तेच भाड्याच्या विमानाचे क्षेत्र. वेळापत्रकी सेवेची व्याख्या कायद्याने काळजीपूर्वक केली : ठराविक ठिकाणांदरम्यान, प्रसिद्ध वेळापत्रकाप्रमाणे किंवा वेळापत्रक भासावे इतक्या नियमाने होणारी आणि सर्व जनतेला खुली असलेली सेवा. तीत जे बसत नाही ते बिगर-वेळापत्रकी. या वर्गाला स्वतःचे लक्षणच नव्हते. तो केवळ शेष होता, आणि शेष म्हणूनच पुढे कित्येक वर्षे त्याची उपेक्षा झाली.

१९८६ साली सरकारने ‘एअर टॅक्सी’ योजना काढली, तेव्हा या शेषाचे भाग्य पालटले. ईस्ट वेस्ट, दमानिया, जेट या मुंबईच्या कंपन्या १९९२-९३ मध्ये शंभराहून अधिक आसनांची बोइंग विमाने दररोज उडवू लागल्या, आणि तरी कायद्याच्या दफ्तरी त्या टॅक्सीच राहिल्या. व्यवहार आणि कायदा यांत पडलेले हे अंतर १ मार्च १९९४ पासून महामंडळ कायदा रद्द होऊन मिटले. मोठ्या कंपन्या वेळापत्रकी वर्गात गेल्या आणि बिगर-वेळापत्रकी परवाना पुन्हा लहान ऑपरेटरांच्या वाट्याला आला.

आता दुसऱ्या घराण्याकडे वळू. २ ऑक्टोबर १९७० रोजी अमेरिकेत विचिटा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला नेणारे एक विमान कोलोरॅडोच्या डोंगरांत एका अरुंद दरीत शिरले आणि कोसळले. ३१ माणसे दगावली. विमान प्रमाणाबाहेर लादलेले होते. चौकशीत त्याहून विलक्षण प्रश्न उभा राहिला : विमान एकाचे, वैमानिक दुसऱ्याने पुरविलेले, भाडे विद्यापीठाचे, मग या उड्डाणाचा जबाबदार ऑपरेटर कोण? जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. त्यानंतर मोठी विमाने भाडेपट्ट्याने देताना उड्डाणाचे नियंत्रण कोणाकडे आहे, हे करारनाम्यात स्वच्छ लिहिण्याची सक्ती अमेरिकेने केली. उत्तम विमान आणि परवानाधारक वैमानिक एवढ्यावर प्रवासी सुरक्षित होत नाही. हवा बिघडली असता ‘आज जाऊ नका’ असे सांगण्याचा अधिकार आणि ते सांगण्याचे धैर्य ज्या व्यवस्थेत आहे, तीच तपासली पाहिजे, हे तत्त्व या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सहाव्या परिशिष्टातील ‘एअर ऑपरेटर सर्टिफिकेट’ हे याच तत्त्वाचे रूप. आपले नागरी विमान वाहतूक महासंचालनालय त्याच धर्तीवर पूर्वचर्चा, अर्ज, दस्तऐवजांची छाननी, प्रत्यक्ष पाहणी आणि प्रमाणन अशा पाच टप्प्यांतून बिगर-वेळापत्रकी परवान्याच्या अर्जदाराला नेते : जबाबदार व्यवस्थापक कोण, उड्डाणे आणि देखभाल यांचे प्रमुख कोण, वैमानिकांच्या विश्रांतीची तजवीज काय, हे सारे त्यात पाहिले जाते. एकच विमान बाळगणाऱ्यालाही यातून सुटका नाही, आणि ते योग्यच आहे. लहान पेढीत मालकाची निकड आणि वैमानिकाचा निर्णय यांमध्ये उभे राहणारे माणूस बहुधा कोणी नसते. या साऱ्यामागचा मूळ कायदा मात्र आता बदलला आहे : १ जानेवारी २०२५ पासून १९३४च्या अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे.

खाजगी वापरासाठी नोंदलेले विमान भाड्याने देता येत नाही, आणि परवानाधारक ऑपरेटरांची यादी महासंचालनालय प्रसिद्ध करते. म्हणून घाईच्या प्रसंगी, विशेषतः रुग्णासाठी, विमान ठरविणाऱ्याने दलालाला दराच्या आधी एवढेच विचारावे, की या उड्डाणाचा ऑपरेटर कोण आणि त्याच्या परवान्याची मुदत केव्हापर्यंत आहे. उत्तर लेखी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.