आईची स्मरणशक्ती कोणत्या भाषेत मोजायची?

अमेरिकेत मुलांकडे राहायला आलेली आई एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारू लागली, की घरात पहिलं वाक्य येतं, ‘वय झालंय’. मराठीत तर म्हणच तयार आहे: साठी, बुद्धी नाठी. १९७० च्या दशकापर्यंत बहुतेक डॉक्टरही असंच काहीसं मानत. अल्झायमर हे निदान साधारण पासष्टीच्या आतल्या रुग्णांसाठी होतं; त्यापुढचा विसर म्हणजे म्हातारपण. १९७६ मध्ये न्यूयॉर्कचे न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका संपादकीयात मांडलं, की हे दोन्ही एकच आहे. म्हणजे ज्याला वय म्हणत होतो, तो आजार ठरला. आणि आजार म्हटला, की तपासणी आली.

तशी एक चाचणी आदल्याच वर्षी आली होती: मार्शल आणि सुझन फोलस्टीन व पॉल मॅक्ह्यू यांची ३० गुणांची ‘मिनी मेंटल स्टेट एग्झामिनेशन’. आज तारीख काय? हे राज्य कोणतं? ‘वर्ल्ड’चं स्पेलिंग उलटं सांगा. ‘नो इफ्स, अँड्स ऑर बट्स’ हे माझ्यामागून म्हणा. आता सातवीपर्यंत शिकलेल्या, सगळे हिशेब मराठीत करणाऱ्या बाईंना इथे बसवा. गुण गेले ते आजारामुळे की इंग्रजीमुळे, हे कसं कळणार?

पिट्सबर्ग विद्यापीठाच्या मेरी गांगुली आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांपुढे हाच प्रश्न हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत आला. तिथल्या बऱ्याच वृद्धांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे नुसतं भाषांतर करून भागणार नव्हतं. मग उलट्या स्पेलिंगऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. कागदावरची सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी, मी करतो तसं करा, असं सांगितलं. १९९५ मध्ये ही हिंदी चाचणी प्रसिद्ध झाली. पुढे रोजच्या व्यवहारांबद्दल घरच्यांना विचारायची प्रश्नावलीही त्यांनी तयार केली.

हा इतिहास आपल्या कामाचा आहे. निदान एका आकड्यावर होत नाही, पण औषधं, घरात कोण थांबणार, बँकेची सही कोणाची, हे निर्णय तिथूनच सुरू होतात. आणि आपणच दुभाषी झालो, तर नकळत उत्तर सुचवतो, चूक सावरून घेतो. मग आजार लपतो.

त्यामुळे अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषा मागा. संघराज्य सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी तो मोफत द्यावा, असं २०१० च्या आरोग्य कायद्याखालचे नियम सांगतात. आई किती शिकली, हिशेब कोणत्या भाषेत करते, हे डॉक्टरांना आधी सांगा. गेल्या सहा महिन्यांत काय बदललं, ते तारखेसकट लिहून न्या: वरणाला फोडणी द्यायची राहिली, ओळखीच्या रस्त्यावर चुकली, पत्त्यांचा डाव सोडला. हे त्या ३० गुणांत कुठेच येत नाही. ते फक्त घरातल्यांनाच माहीत असतं.