दक्षिणा प्राइज आणि ‘तृतीय रत्न’

श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची पुण्यातील पेशवेकालीन रूढी १८१८ नंतरही संकुचित रूपात चालू राहिली. त्या द्रव्याचा काही अंश मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांस द्यावा, असा अर्ज १८४९ साली काही तरुणांनी केला. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. घेणाऱ्याच्या जातीऐवजी लेखनाकडे पाहून द्रव्य देणे, हा पालट सामान्य नव्हे.

परीक्षक कोण, हा प्रश्न मात्र उरलाच. १८५५ साली २८ वर्षांच्या जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक कमिटीकडे धाडले व ते नाकारले गेले. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुले ‘गुलामगिरी’त (१८७३) नमूद करतात. साक्ष एकपक्षीय खरी; तथापि गरोदर कुणबी स्त्रीस ग्रहांचे भय घालून नागवणारा जोशी ज्या नाटकात आहे, त्याविषयी ती अविश्वसनीय वाटत नाही.

भाषेच्या अभ्यासकाची हानी निराळीच. कुणबी, जोशी, पाद्री, विदूषक यांच्या मुखी घातलेले हे गद्य संवाद १९७९ साली प्रथम छापले गेले. तोवर मराठीतील पहिल्या स्वतंत्र गद्य नाटकाचा मान विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ला (१८६१) दिला जात होता.