तळटीप १२ : न निघालेली आवृत्ती
२.४.३९नंतर एकदम २.४.४१ हा मुद्रणदोष नव्हे. अपाची वेब सर्व्हरची २.४.४० ही आवृत्ती प्रसिद्धच झाली नाही. या प्रकल्पात तेव्हा बाद ठरलेल्या उमेदवार-आवृत्तीचा क्रमांक पुन्हा वापरत नसत. त्या नावाची फाईल तपासणाऱ्यांच्या संगणकांवर आधीच पोचलेली असे, आणि एकाच नावाच्या दोन निराळ्या फायली फिरू लागल्या की घोळ निस्तरता निस्तरत नाही. उमेदवार-आवृत्ती प्रसिद्ध करायची की नाही हे ठरवणारे, लेखक ज्याला ‘मतदान’ म्हणतात ते नुसते हात वर करणे नसते : सदस्याने मूळ कोड उतरवून, डिजिटल सही पडताळून, स्वतःच्या यंत्रावर कम्पाइल करून चालवून पाहायचा असतो. अनुकूल मते किमान तीन हवीत, आणि विरोधी मतांहून जास्त. नकाराधिकार मात्र कोणालाच नाही; हे खरे तर मूळ मजकुरातच यायला हवे होते. – संपा.